मोकळा पंधरवडा

सोमवार, १७ मार्च २०२५. आकाश निरभ्र, ऊन कडक. नळाला पाणी उशिरा आले. सिलिंडर संपला, दुसरा लावून घेतला. सकाळी कुरणात आक्काने आपला भाचा प्रितेश याच्या उजव्या हाताची दोन बोटे विळ्याने तोडली. पोलीस आले नाहीत.

त्या दिवशी मी एवढेच लिहिले. शाळेत सिस्टर आम्हाला सांगत, रोजनिशीत आधी हवामान, मग घरचे, मग बाहेरचे लिहावे आणि मनातले लिहू नये. आयुष्यभर तसेच लिहीत आले. पण आक्काचे त्या एका ओळीत भागत नाही. बाजारात तिचे नाव निघाले की लोक बोटांचीच गोष्ट सांगतात, आणि ती निम्मीच सांगतात.

आमचे घर टेमघरच्या टोकाला. खाली यजमानांचा दवाखाना होता, ते गेल्यापासून त्याला कुलूप आहे. मागच्या गॅलरीतून उतार दिसतो. उतारावर गवताचे कुरण, आणि कुरणाच्या पलीकडे गोदामांचे निळे पत्रे. ते कुरण सरकारी. त्याच्या कोपऱ्यात आक्काची पत्र्याची खोपी होती आणि एक म्हैस. तिचे दूध आमच्या घरी येत असे.

आक्का आमच्याकडे पहिल्यांदा आली तेव्हा वीस वर्षांची असेल. तिला अकलोलीला दिली होती. नवरा राघो गरम पाण्याच्या कुंडांपाशी नारळ विकायचा आणि बायकोला मारायचा. एका दुपारी भाकरी उशिरा झाली म्हणून त्याने तिला केसांना धरून कुंडापर्यंत ओढत नेले आणि सगळ्यांत कढत कुंडात तिचा उजवा हात कोपरापर्यंत दाबून धरला. भोवती अंघोळीला आलेली माणसे होती. ती बघत राहिली. राघोने हात सोडल्यावर आक्का घरी गेली, डाव्या हाताने मुसळ उचलले आणि ओटीवर विडी ओढत बसलेल्या राघोच्या गळ्याजवळच्या हाडावर घातले. ते हाड मोडले. मग ती चालत भिवंडीला आली, बापाच्या घरी न जाता थेट दवाखान्यात.

यजमानांनी विचारले, "कधी भाजलं?"

"भाजलं न्हाय," ती म्हणाली. "भाजवलं."

कातडे सोलून निघत होते. मी ट्रे धरून उभी होते, मला भोवळ आली. तिला नाही आली. तिने मलाच सांगितले, "बाई, तुमी बसा."

हात बरा झाला, पण बोटे पुरी मिटेनात. घास उचलता येई, विळा धरता येईना. आणि बापाचा धंदा गवताचा. म्हशींच्या तबेल्यांना गवत पुरवायचा. त्याने लोहाराकडून तिच्यासाठी डावखुरा विळा घडवून घेतला, दाते उलट्या अंगाला. गवत कापणारे एका रांगेत पुढे सरकतात. डाव्या हाताचा विळा शेजाऱ्याच्या अंगावर येतो, म्हणून तिच्या बाजूला कोणी उभे राहीना. तिचा भाऊ केसरीनाथ तेवढा राहायचा. तिचा हात कुठून कसा येतो ते त्याला न बघता कळे.

आता कुरणाचे सांगते, कारण पुढचे सगळे त्यावरून झाले.

हे कुरण दोन घरे कापत. एक आक्काचे माहेर, आगरी. दुसरे आक्काच्या मैत्रिणीचे, नूरीचे सासर, जुने कोकणी मुसलमान घर, जे पुढे यंत्रमागाच्या, लूमच्या धंद्यात गेले. दोघांची पाळी ठरलेली, एक वर्ष यांचे, एक वर्ष त्यांचे. ज्याचे वर्ष, तो कुरणाला बाभळीच्या काट्यांचे कुंपण घाली. त्या कुंपणाला वई म्हणतात. वर्ष संपले की जाणारे घर आपली वई उपटून गावच्या होळीत टाकी, आणि येणारे घर पाडव्याला नवी वई घाली. होळी ते पाडवा कुरण कोणाचेच नसे. कोणाचीही शेळी, कोणाचीही गाय आत जाई. याला सगळे मोकळा पंधरवडा म्हणत. कागदावर यातले काहीही नाही.

चौऱ्याऐंशीच्या दंगलीच्या साली पाळी नूरीच्या सासऱ्यांची होती. कापून रचलेली गवताची गंजी कोणीतरी पेटवली. तिच्यामागे लपलेला त्यांचा गडी जळाला. त्याला आमच्या दवाखान्यात आणला तेव्हा कपडा कुठला आणि कातडी कुठली हे कळत नव्हते. तो संध्याकाळपर्यंत जगला. पुढचे वर्ष आक्काच्या बापाचे होते. होळीनंतर तो नूरीच्या सासऱ्यांकडे गेला आणि म्हणाला, तुमचं वर्स जळालं, ह्ये बी तुमीच कापा. त्या घराने कापले. त्याच्या पुढच्या वर्षापासून पाळी परत सरळ सुरू झाली.

म्हातारी माणसे गेली. केसरीनाथने दापोड्याकडची शेते गोदामांना विकली आणि बंगला बांधला. आक्काने शेतात वाटा मागितला नाही.

"मना कुरनाची पाळी दे," ती म्हणाली.

"कुरन आपलं कुठं हाय? सरकारचं हाय."

"मंग द्याला तुझं काय जातंय?"

केसरीनाथ हसला आणि दिली. त्यावर ती पंचवीस वर्षे जगली, आपल्या वर्षी गवत विकून आणि दर वर्षी दूध विकून. पलीकडच्या घरात नवरा वारल्यावर नूरी पाळी सांभाळू लागली. गवताची तिला गरज नव्हती, मुलाचे, खलीलचे लूम चालत होते. "सासऱ्याची पाळी आहे, मी कशी सोडू?" एवढेच ती म्हणे. तिच्या वर्षी ती गवत आक्कालाच कापायला लावी आणि मजुरी देताना भांडे. आक्का घेताना भांडे.

यंदा फेब्रुवारीत त्या दोघी माझ्या ओटीवर बसल्या होत्या. सरकारी जमिनी खाजगी माणसांना विकायचा नवा कायदा झाला होता, आणि त्याचे पत्रक तलाठ्याने वाटले होते. मी मोठ्याने वाचून दाखवले. मोजणीच्या दिवशी ज्या माणसाचा प्रत्यक्ष ताबा दिसेल, त्याला ती जमीन ठरलेल्या किमतीत विकत मिळेल. एका जागेला एकच नाव. मोजणी मार्चमध्ये, दिवस कळवला जाणार नाही.

"म्हंजे ज्याची वई त्याची जागा?" आक्काने विचारले.

"तसंच."

"आनि पाळी?"

"पाळीचं यात काही नाही."

"लिवायचं राहिलं असंल," आक्का म्हणाली.

नूरीने घरच्या वाटण्यांपायी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. तिने विचारले, "आणि झगडा असेल तर? केस वगैरे?"

मी शेवटचे कलम वाचले. वादाची किंवा पोलीस केस असलेली जमीन विक्रीतून वगळण्यात येईल व ती सरकारकडेच राहील.

"मग चांगलं आहे," नूरी म्हणाली. "आक्का, आपण रोज भांडतोच."

"नूरेच्या नावावं घ्या," आक्का मला म्हणाली. "पैसं तिच्या लेकाकडं हायत. माझी म्हस तिच्या जागंत चरंल, शेन मी काढीन. तिला वास येतो."

"तुझी म्हैस नको माझ्या जागेत. लाथ मारते."

"मना न्हाय मारत."

"तुला कशाला मारील? बहिणीला कोण मारतं?"

दोघी हसल्या. मी चहा टाकला.

पण जागेचा भाव भिवंडीत सगळ्यांना कळतो. पलीकडे गोदामे, पुढे हायवे. केसरीनाथच्या मुलाने, प्रितेशने, तिथे गोदाम बांधायचे ठरवले होते. तो वाईट चालीचा मुलगा नव्हता. लहानपणी गोवराने आजारी पडला तेव्हा आक्का त्याच्या उशाशी बसून होती. पण कुरणात तो कधी गवत कापायला उभा राहिला नव्हता. त्याच्या कळत्या वयात घरची शेतेच उरली नव्हती.

हे वर्ष आक्काचे होते. होळीला तिची पाळी संपायची. केसरीनाथ तिला सांगायला आला, यंदा वई उपटू नकोस, मोजणी होऊ दे. तिकडे खलीलने आईला सांगितले, होळी पेटली की दुसऱ्या दिवशी आपली वई घालून टाकू, पाडव्याची वाट कशाला. पोराचे आणि भावाचे, दोघांचेही म्हणणे शहाणपणाचे होते. दोघींनी ऐकले नाही. आक्का म्हणाली, पाळी सरल्यावं वई ठेवली तर मी नूरेची चोर. नूरी म्हणाली, पाडव्याच्या आधी वई घातली तर मी सगळ्या गावच्या शेळ्यांची चोर. मोजणीवाल्यांना आपण दोघी जाऊन पाळी समजावून सांगू, म्हणजे झाले, असा दोघींचा विचार. सरकारी माणूस जागेवर जे दिसते ते लिहितो, सांगितलेले लिहीत नाही, हे माझ्याने त्यांना पटवून देणे झाले नाही.

होळीच्या संध्याकाळी आक्काने वई उपटली आणि भारा डोक्यावरून आणून होळीत टाकला. काटे तडतडले. प्रितेश गाडीला टेकून उभा होता. तो म्हणाला, "आते, आज तू जागा सरकारला परत दिलीस बघ."

"दिली न्हाय रं. मोकळी केली."

"मोकळी म्हणजे कोणाचीही ना?"

"कोनाच्या बी शेलीची," आक्का म्हणाली. "तू शेली हायस का?"

लोक हसले. प्रितेशही हसला. मला ते हसणे आठवते.

सोमवारी सकाळी गॅलरीत कपडे वाळत घालताना मला टेम्पो दिसला. प्रितेश आणि चार माणसे लोखंडी खांब उतरवत होती, काटेरी तारेची भेंडोळी बाजूला. दोन बाजूंचे खड्डे खणून झाले होते. नूरी आधी पोचली. तिचे रोजे चालू होते, सकाळपासून पाण्याचा घोट नव्हता. ती जाऊन पुढच्या खड्ड्यातच उभी राहिली.

"चाची, बाहेर या," प्रितेश म्हणाला. "तुमची पाळी पाडव्यापासून ना? मग आज तुमचं काय?"

"आज माझं काही नाही. तुझं पण काही नाही."

"निकालो इनको," तो माणसांना म्हणाला.

एकाने तिला दंडाला धरून उपसली. ती तारेच्या भेंडोळ्यावर पडली. हात कोपरापासून मनगटापर्यंत फाटला. ती ओरडली ती आक्काच्या नावाने.

आक्का खोपीतून आली ती धावत नाही, चालत. विळा कमरेला मागे खोचलेला. प्रितेशने तो पाहिला आणि तिने हात घालायच्या आत पुढे होऊन तिचे उजवे मनगट पकडले. त्याच्या लेखी तो हुशारपणा होता. भाकरी खाताना, पैसे घेताना, त्याला अंगारा लावताना त्याने आत्याचा उजवा हातच पाहिला होता.

"आता काय करशील, आते?" तो म्हणाला.

तिने डावा हात मागे नेला आणि विळा त्याच्या मुठीवरून ओढला, गवताची मूठ कापतात तसा. तिच्या स्वतःच्या मनगटालाही ओरखडा गेला. प्रितेश हाताकडे बघत उभा राहिला. मग खाली बसला. रक्त खांबासाठी खणलेल्या खड्ड्यात गेले. माणसांनी त्याला टेम्पोत घातले आणि नेले. नूरीचा हात मी आमच्या ओटीवर धुऊन बांधला. ती सारखी म्हणत होती, "बाई, पाणी नका पाजू, रोजा आहे."

दुसऱ्या दिवशी आक्का माझ्याकडे आली. "डॉक्टरीनबाई, चौकीवं चला. तुमाला खुर्ची देतात."

चौकीत मला खुर्ची दिली. हवालदाराने तिचे आधार कार्ड बघून विचारले, "आनंदीबाई कोण?"

"मीच," आक्का म्हणाली. मलाही तिचे नाव त्या दिवशी कळले.

"तक्रार कोणाविरुद्ध?"

"माज्याविरुद्ध. मी प्रितेशची बोटं तोडली. लिवून घ्या."

"प्रितेशने दवाखान्यात सांगितलंय, मशीनच्या पट्ट्यात हात गेला. त्याची तक्रार नाही."

"पट्ट्यात गेला तर बोट कुरनात कसं सापडलं?" असे म्हणून तिने पदराची गाठ सोडली आणि टेबलावर ठेवले. काळे पडले होते. "येकच घावलं. दुसरं कावळ्यानं नेलं."

हवालदार खुर्चीसकट मागे सरकला. "मावशी, ते उचला आधी."

"गुन्हा लिवा, मंग उचलते."

"जखमी माणूस म्हणतो मशीनने झालं. मी काय मशीनवर गुन्हा लिहू? घरी जा."

बाहेर आल्यावर मला उलगडले. केस झाली तर जागा वादाची ठरणार, आणि विक्रीतून जाणार. म्हणून प्रितेशने दोन बोटे गिळली आणि चूप बसला. आणि म्हणूनच आक्का स्वतःवर गुन्हा लिहून घ्या म्हणत होती. मी वाचलेले ते शेवटचे कलम तिने नीट ऐकले होते. जागा कोणालाच विकली गेली नाही तर पाळी राहणार होती, आणि पाळी राहिली तर खोपी आणि म्हैस.

गुरुवारी भर दुपारी प्रितेशची माणसे परत आली. या खेपेला तो नव्हता. त्यांनी खोपीचे पत्रे खेचून काढले, चूल लाथेने फोडली, आणि आक्काला तारेच्या तुकड्याने पाठीवर, पोटऱ्यांवर मारले. ती म्हशीचे दावे सोडायला धडपडत होती, तेव्हा एकाने तिच्या तोंडावर बूट मारला. म्हैस सुटली आणि त्यातल्या एकाला शिंगाने उचलून तिने आपटले, तेव्हा ते गेले. चौकीत त्यांनी सांगितले, म्हातारी पत्र्यावरून पडली, आणि हवालदाराने आमची तक्रारही लिहून घेतली नाही.

मी यजमानांच्या कपाटातला जुना टाक्यांचा दोरा काढला, पण तो कुजला होता. खलीलने तिला दवाखान्यात नेले, ओठाला टाके घालून माझ्याकडेच आणले. तो नूरीला म्हणाला, "अम्मी, माझ्या लूमवर तीस माणसं आहेत. फक्त बोल."

"एकाला पण आणायचं नाही," नूरी म्हणाली. "इथून तीस निघाले की तिकडून साठ निघतात. मग कुरण कोणाच्या डोक्यात राहत नाही. त्या झगड्याला नाव दुसरंच पडतं."

"ती म्हनते ते खरं हाय," आक्का सुजलेल्या तोंडाने म्हणाली. "ह्ये माझ्या घरचं हाय. माझ्याच घरात ऱ्हाऊ दे."

खलील गेल्यावर ती मला म्हणाली, "सरकारी मानसाच्या म्होरं रगत सांडलं पायजे. मंग कोनाला न्हाय म्हनता यायचं न्हाय."

"कोणाचं रक्त?" मी विचारले.

"तुमी दुधात पानी हाय का इचारता, तसं इचारता."

मग ती भिंतीकडे तोंड करून निजली. पाच दिवस ती आमच्या खालच्या खोलीत राहिली. म्हैस नूरीच्या दारात बांधली होती, पण ती नूरीला धार काढू देईना. आक्का लंगडत जाऊन काढी.

मंगळवारी, पंचवीस तारखेला, मोजणी आली. तिघे जण, तिपाईवर यंत्र, सोबत तलाठी. कुरणाच्या दोन बाजूंना लोखंडी खांब आणि तार लागलेली होती. प्रितेश हात गळ्यात अडकवून उभा होता. केसरीनाथ पहार घेऊन एक सैल खांब ठोकत होता. त्याला गोदाम हवे होते की नको, मला माहीत नाही.

आक्का उतरली. विळा उघड्या हातात. नूरी तिच्यामागे. मी गॅलरीत. मोजणीवाल्यांतल्या एका तरुणाने मोबाईल वर धरला.

"नोंद कोणाची घ्यायची?" तलाठ्याने विचारले.

"माझी," प्रितेश म्हणाला.

"नूरीची," आक्का म्हणाली. "पाळी तिची हाय."

"पाळी काय ते मला नका सांगू. ताबा कोणाचा?"

"ह्येच्या बापाला इचारा. त्यो कापायचा माझ्या शेजारी."

तलाठ्याने केसरीनाथकडे पाहिले. केसरीनाथ खांबाकडे बघत म्हणाला, "लिवा. प्रितेशचं लिवा."

आक्का प्रितेशच्या दिशेने निघाली. चालण्यात घाई नव्हती. प्रितेश मागे सरकला, तारेला अडला. केसरीनाथ मध्ये आला.

"आक्का, माघारी जा."

"बाजूला हो, केसरी. तू डाव्या अंगाला उबा हायस."

"म्हनूनच उबा हाय. जा तू."

तिने विळा उचलला. केसरीनाथला तो हात कुठून येतो ते न बघता कळत होते. त्याने पहार फिरवली आणि तिच्या डाव्या दंडावर घातली. आवाज मला गॅलरीत आला. विळा पडला नाही. तिने तसाच मोडका हात पुन्हा वर नेला, आणि त्याने दुसरा घाव डोक्यावर घातला.

ती पडली. मोबाईलवाल्या तरुणाचा हात तसाच वर राहिला. नूरी गुडघ्यांवर बसली, ओढणीचा बोळा करून आक्काच्या डोक्याला दाबला, आणि ती लाल झाली तेव्हा दुसऱ्या टोकाचा केला. आक्काच्या मुठीतला विळा तिने सोडवला, केसरीनाथपुढे धरला.

"बघ. दाते तिच्याकडे होते. पाठ तुझ्या पोराकडे होती. उलटा धरला होता तिने. ती कुणाला मारायला नव्हती आली. तुला तरी दिसायला हवं होतं."

केसरीनाथने विळा घेतला, आणि पोलीस येईपर्यंत तो खांबाला पाठ लावून मांडीवर विळा घेऊन बसला. त्यांनी काही विचारले नाही तरी तो सांगत होता, मी मारली, मी मारली. प्रितेश ओरडून त्याला गप्प बसायला सांगत होता. या वेळी मशीनचे नाव घ्यायला जागा नव्हती. सरकारी माणसाने सगळे टिपले होते.

पंचनाम्यात पहार गेली, विळा गेला, पुरावा म्हणून रक्ताचा एक खांबही उपटून नेला. तलाठ्याने मोजणीच्या कागदावर त्या जागेपुढे 'वादग्रस्त, विक्रीतून वगळावी' असे लिहिले. मी जाऊन ते वाचून घेतले आणि आक्काला ठाणे शहरातल्या ज्या इस्पितळात हलवले होते तिथे जाऊन तिच्या कानाशी वाचून दाखवले. डोळे मिटलेले होते. ऐकले की नाही, सांगता येणार नाही.

पाडवा रविवारी आला. तो नूरीचा शेवटचा रोजा होता. उरलेले खांब खलीलने उपटून प्रितेशच्या बंगल्याच्या फाटकाशी नेऊन ठेवले. मग मायलेकांनी बाभळीचे काटे तोडून आणले आणि संध्याकाळपर्यंत वई घातली. नूरीचा फाटलेला हात पुन्हा फुटला, पट्टीतून रक्त येत होते. मी वरून सांगितले, आता पुरे, उद्या ईद आहे, उद्यानंतर करा. "पाडव्याला घालायची असते," ती म्हणाली. खोपीच्या कोपऱ्यात तिने म्हैस जाईल एवढी फट ठेवली.

ईदला तिने माझ्याकडे शिरखुर्मा पाठवला. आक्काच्या वाटचा वेगळ्या डब्यात होता. तो मी फ्रिजमध्ये पिशवीच्या दुधाशेजारी ठेवला; म्हैस अजून नूरीला धार काढू देत नव्हती.

तीन एप्रिलला सकाळी आक्का गेली. केसरीनाथ कोठडीत, म्हणून अग्नी प्रितेशने दिला, डाव्या हाताने. उजवा अजून गळ्यात होता. परतताना तो नूरीच्या वईजवळ थोडा वेळ थांबला. मग पुढे गेला.

त्या संध्याकाळी रोजनिशी लिहायला बसले तेव्हा क्रम चुकला. बाहेरचे आधी लिहिले गेले, हवामान राहूनच गेले. घरचे शेवटी लिहिले:

म्हशीने आज नूरीला धार काढू दिली. दूध एक लिटर आले. पिशवीचे दूध उद्यापासून बंद करायला सांगितले.